जुलैचा फोटो हा पुरावा नव्हे

महोदय,

पावसाळा लागला की दादर, जुहू, वर्सोवा, अक्सा इथल्या खचलेल्या वाळूची छायाचित्रं छापून येतात आणि पाठोपाठ संरक्षक भिंतीची मागणी येते. वाळू गेलेली असते हे खरं, पण कुठे गेली हे कुणी विचारत नाही. जून ते सप्टेंबर मोठ्या लाटा पुळणीवरची, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूपट्ट्यावरची, वाळू ओढून थोड्या खोल पाण्यात नेऊन ठेवतात. दिवाळीनंतरच्या शांत लाटा त्यातली बरीचशी हळूहळू परत आणतात. म्हणून तुलना करायची तर मे महिन्याची मागच्या मे महिन्याशी. जानेवारीची पुळण जुलैशी ताडली तर मुंबईचा प्रत्येक किनारा दरवर्षी ‘गिळला’ जाईल.

उपग्रहचित्रांवरून काढलेल्या किनारारेषांचीही हीच गत. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीतला फरक साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो. पुळणीचा उतार ५० मीटरला १ मीटर धरला, तर पाणी १ मीटर चढताच त्याची कड ५० मीटर आत येते. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका १० मीटरचा, लँडसॅटचा ३०. चित्र टिपलं त्या वेळची भरतीची पातळी आणि त्या पुळणीचा उतार लावून रेषा दुरुस्त केली नसेल, तर ती नुसती त्या घटकेची पाण्याची कड. आणि हा उतार तरी कुठून आणणार? तो खात्रीचा हवा तर वाळूत उतरून मोजावा लागतो.

त्याला खर्च फारसा नाही. दीड-दीड मीटरच्या दोन काठ्या, सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या, इतक्यावर काम होतं. सागरी भूशास्त्रज्ञ के. ओ. एमरी यांनी १९६१ मध्ये मांडलेली ही रीत आहे. लाटा पोहोचणार नाहीत अशा पक्क्या बांधकामावर कायमची खूण करायची. तिथून समुद्राकडे जाताना काठ्या दीड मीटर अंतरावर उभ्या धरायच्या, पुढच्या काठीचं टोक क्षितिजाशी जुळवायचं, आणि ती नजर मागच्या काठीला टोकापासून किती खाली छेदते ते लिहायचं. त्या दीड मीटरात वाळू तेवढी उतरली. मुंबईत अडचण येते ती धुरक्याची. उधाणाची ओहोटी इथे साधारण सकाळी-संध्याकाळी सहा-सातला असते आणि हिवाळ्यात त्या वेळी क्षितिजच दिसत नाही. मग गवंड्यांची पाण्याची पारदर्शक नळी वापरावी, फक्त तिच्यात बुडबुडा राहू देऊ नये. ओल्या वाळूत काठी रुतते, म्हणून बुडाला चपटी थाळी हवी. १०० मीटरमध्ये सुमारे ६६ नोंदी होतात. प्रत्येक वेळी १ सेंटिमीटरची चूक एकाच बाजूला झाली, तर शेवटी ६६ सेंटिमीटरचा घोळ. तेव्हा अधूनमधून सर्वेक्षकाच्या लेव्हल यंत्राने पडताळणी हवीच. नाल्याच्या मुखाशी मोजणीची रेघ आखू नये. तिथली वाळू नाल्याच्या पाण्यानेच हलते.

भिंत बांधल्यावर होतं काय? उभ्या भिंतीवरून लाट उलटते आणि पायथ्याची वाळू उकरते. भिंतीमागची वाळू, जी पुळणीची शिल्लक असते, ती कोंडली जाते. जिथे भिंत संपते तिथून पुढची जमीन अधिक खचू लागते. टेट्रापॉड, म्हणजे चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे, लाटेचा जोर मोडतात, वाळू निर्माण करत नाहीत. बाहेरून वाळू आणून टाकायची तर ती मूळ वाळूपेक्षा बारीक नको, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात वाहून जाईल.

चेन्नई बंदराच्या दक्षिणेला मरीना किनारा रुंदावला आणि उत्तरेला रोयापुरमची धूप झाली, हे उदाहरण इथे सर्रास दिलं जातं. पूर्व किनाऱ्यावर वर्षाकाठी बरीच वाळू उत्तरेकडे सरकते, ती बंदराने अडवली. आपल्या पुळणी मात्र बव्हंशी खडकाळ टोकं आणि खाड्यांची मुखं यांच्यात अडकलेल्या. इथे समुद्रात भराव पडला की लाटांची दिशा बदलते आणि पुळण फिरते, म्हणजे एक टोक रुंदावतं, दुसरं आक्रसतं. रुंद टोकाशी उभं राहून ‘किनारा वाढला’ म्हणणाऱ्यांनी दुसऱ्या टोकापर्यंत चालत जावं.

तेव्हा पुढच्या प्रत्येक भिंतीच्या निविदेत एवढं असावं: बांधकामाआधी किमान एक पूर्ण वर्ष आणि नंतर तीन वर्षं, भिंतीसमोर आणि दोन्ही टोकांपलीकडे ठरलेल्या रेघांवर मोजणी. मे आणि सप्टेंबरअखेर नक्की, जमल्यास डिसेंबरातही. आणि सगळे आकडे जाहीर.

— एक वाचक, माहीम