आबा, अशी माणसं फौजेत आहेतच

ती. आबा आणि आईस साष्टांग नमस्कार.

दिवाळीत मी तुम्हाला माझ्याबद्दल सांगितलं. मला पुरुषच आवडतात, माझ्यासाठी मुली बघू नका म्हणालो. आई रडली. आबा, तुम्ही एवढंच बोललात, "बरं झालं, फौजंत गेला न्हाईस ते. तितं असली माणसं चालत न्हाईत." मला राग आला नाही. निघताना आईने चकलीचा डबा भरून हातात दिला, त्यातच मला सगळं मिळालं. पण तुमच्या वाक्याला उत्तर द्यायचं राहून गेलं. फोनवर ते नीट बोलता येणार नाही, म्हणून लिहितोय.

मी भरतीला का गेलो नाही, हे तुम्ही कधी खोदून विचारलं नाहीत. पहाटे कोरेगाव रस्त्याला पोरांबरोबर 1600 मीटर पळायचो, तुम्ही घड्याळ घेऊन उभे असायचात. वेळ बसत होती, छाती भरत होती. थंडीची, मारपिटीची, गोळीची भीती नव्हती. पण भरती होऊन मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात बेळगावला गेलो की रोज रात्री बरॅकीत एक खोटी मुलगी रंगवून सांगावी लागणार, प्रत्येक सुट्टीला लग्न टाळण्याचं नवं कारण शोधावं लागणार, हे दिसत होतं. वर्दी काय असते ते मी तुमच्याकडे बघून शिकलो. खोटं बोलून ती अंगावर चढवायला मन धजावलं नाही.

आता कायद्याचं सांगतो. 6 सप्टेंबर 2018 रोजी सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला, की दोन सज्ञान माणसांचे राजीखुशीचे संबंध कलम 377 खाली गुन्हा ठरणार नाहीत. म्हणजे साताऱ्यात पोवई नाक्यावर उभा असलेला मी त्या दिवशी कायद्याने मोकळा झालो. पण माझ्या शेजारी सुट्टीवर आलेला, माझ्यासारखाच एखादा जवान उभा असेल तर तो झाला नाही. राज्यघटनेच्या कलम 33 नुसार सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर संसद मर्यादा घालू शकते, आणि 1950 च्या आर्मी ॲक्टच्या कलम 46 मध्ये 'अनैसर्गिक' प्रकारच्या लाजिरवाण्या वर्तनाला सात वर्षांपर्यंत कैद आहे. जानेवारी 2019 मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी पत्रकारांसमोर स्पष्ट सांगितलं, की लष्करात हे चालणार नाही, आर्मी ॲक्टप्रमाणेच कारवाई होईल.

का चालणार नाही? तर म्हणे जवानांना पटणार नाही, पलटणीची एकी मोडेल. हे कारण मला फार लागतं, कारण ते आपल्या नावावर खपवलं जातं. महिला अधिकाऱ्यांना कायम नेमणूक आणि हुकमाची पदं द्यायची का, या खटल्यातही सरकारने कोर्टाला लिहून दिलं होतं, की जवान बहुतेक खेड्यातून आलेले असतात, बाईचा हुकूम मानायची त्यांच्या मनाची तयारी नाही. 17 फेब्रुवारी 2020 च्या निकालात कोर्टाने ते मानलं नाही. खेड्यातले जवान म्हणजे कोण, आबा? आपणच की. शेजारच्या अपशिंग्याची 46 माणसं पहिल्या महायुद्धात कामी आली, त्या गावाच्या नावाला मिलिटरी कायमचं चिकटलं. असल्या मुलखातल्या माणसाला काय झेपेल आणि काय नाही, हे त्याला न विचारताच ठरवायचं?

तुमचंच सांगतो. कुपवाड्याला पाय मोडला तेव्हा तुमच्या जोडीदाराने तुम्हाला बर्फातून रात्रभर ओढत पोस्टवर आणलं. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकतोय. त्यात त्याच्या हातांना फोड आल्याचं असतं, स्वतःचे मोजे काढून त्याने तुमच्या पायात घातल्याचं असतं. तो घरी कुणावर जीव लावून होता, हे त्यात कधीच आलं नाही. तुम्हाला त्याची गरजच पडली नाही.

कुणी म्हणेल, मग बरॅकीत नसतं प्रकरण उभं राहील. जो जबरदस्ती करेल, हुद्द्याचा धाक घालून अंगचटीला येईल, त्याला कडक शिक्षा व्हावी, मग तो कोणीही असो. उघडपणे राहू द्या म्हणजे शिस्तीतून सूट द्या, असं मी म्हणत नाही. उलट जो लपून राहतो त्याच्यावरच अन्याय झाला तरी तक्रार करता येत नाही, कारण तक्रार करायला गेला की आधी तोच अडकतो. शत्रूलाही असाच माणूस हवा असतो. हनी ट्रॅपपासून सावध राहा म्हणून जवानांना एवढं बजावतात. ज्याच्यापाशी लपवायला काही उरलंच नाही, त्याला धमकावणार कशावरून?

इंग्रजांच्या फौजेत माझ्यासारख्यांना जानेवारी 2000 पर्यंत बंदी होती. संशय आला की चौकशी, मग घरी. ती उठली, आणि 2023 मध्ये त्यांच्या पंतप्रधानांनी संसदेत उभं राहून त्या जुन्या सैनिकांची माफी मागितली. इस्रायलने 1993 मध्ये, अमेरिकेने 2011 मध्ये दार उघडलं. तिकडच्या गोऱ्यांचं वेगळं, असं तुम्ही म्हणाल हे मला ठाऊक आहे. पण त्या इंग्रज फौजेत आजही नेपाळच्या डोंगरातल्या खेड्यांतून आलेले गुरखे आहेत, तुमच्या शेजारच्या पलटणीत होते त्यांचेच भाऊबंद. त्यांनाही तोच नियम लागू आहे. गुरखा त्याने लढायचा थांबला का?

आई, तुझ्यासाठी एक वेगळंच लिहितो. असा जवान लपला की घरचे त्याचं लग्न लावून देतात. माण-खटावची कुठली तरी पोर सासू-सासऱ्यांचं करत वर्षं काढते, सुट्टीत आलेला नवरा तोंड फिरवून झोपतो, आणि खोट आपल्यातच आहे असं तिला वाटत राहतं. तिला कुणी खरं सांगत नाही. आणि त्या जवानाला काही झालं तर त्याच्या खऱ्या जिवलगाला साधी तार नाही की फोन नाही, कारण फौजेच्या कागदांत त्यांचं नातं लिहायची सोय नाही.

आता माझं मागणं. कायदा संसदेनेच बदलायचा आहे, त्यामुळे खासदारांना आणि संरक्षणमंत्र्यांना एक पत्र लिहिलंय. आर्मी ॲक्टच्या कलम 46 मधला तो 'अनैसर्गिक' शब्द काढा, जबरदस्तीचं कलम सगळ्यांना सारखं ठेवा, एवढंच त्यात आहे. मी लिहिलं तर कुणी विचारायचं नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या निवृत्त सुभेदाराची सही असली तर निदान वाचतील. मसुदा सोबत ठेवलाय. फौजेबद्दल कुठे चुकलो असेन तर तिथे खोडा, तुमच्या शब्दांत लिहा. सही करायची नसेल तरी चालेल, पण मग का नाही ते मला समोर बसवून सांगा. तुमच्याकडे पळायला येणाऱ्या पोरांत माझ्यासारखा एखादा असेलच, त्यालाही मग तेच उत्तर द्यावं लागेल.

मी संक्रांतीला येतोय. आईच्या गुडघ्याचं औषध घेऊनच येतो, तिकडे आणू नका.

तुमचा,
बाळू