खुले पत्र : आमच्या डोक्यावरचं वजन कोण मोजणार?

प्रति,
मा. कामगारमंत्री, महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या गोदामातली रॅक, म्हणजे माल ठेवायची उंच लोखंडी मांडणी, कोसळली. ‘पंधरा दिवसांत तपासणी करून कार्यवाही करू’ असं एका सरकारी कार्यालयानं मला तेव्हा लेखी कळवलं होतं. दिवाळी होऊन गेली आणि परवा उत्तर आलं : ‘सदर आस्थापनेत उत्पादन प्रक्रिया होत नसल्याने विषय या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही.’ खाली सही, शिक्का, जावक क्रमांक, सगळं जिथल्या तिथं. म्हणून आपल्याला थेट लिहिण्याचं धाडस करतो आहे. आपला वेळ मोलाचा आहे याची जाणीव आहे.

मी वाघोलीच्या पुढे, नगर रस्त्यालगतच्या एका गोदामात स्टोअरकीपर आहे. होतो म्हणा. पगारपत्रकावर ठेकेदाराचा माणूस. माल गाड्यांच्या सुट्या भागांचा, लोखंडी बिनमध्ये, म्हणजे पेट्यांत, भरलेली कास्टिंग (ओतीव भाग). रॅकवर पाटी होती : प्रति लेव्हल 2000 किलो. एका लेव्हलवर दोन बिन, एकेक 900 किलोची. हिशोबात बसत होतं. मग गिऱ्हाईकानं उंच बिन पाठवायला सुरुवात केली. त्या जमिनीवर, खालच्या बीमखाली (माल पेलणाऱ्या आडव्या लोखंडी पट्टीखाली) मावेनात. जेवणाच्या सुट्टीत दोन पोरांनी हातोडी मारून तो बीम दीड मीटरवरून 2.2 मीटरवर नेला. पाटी मात्र होती तशीच राहिली.

साहेब, इथेच सगळी गोम आहे. जमिनीपासून पहिल्या बीमपर्यंतचा खांब हा रॅकचा सगळ्यात उघडा भाग असतो. तेवढ्या उंचीत बीम त्याला कुठेच धरत नाही. हे अंतर वाढलं की तोच खांब कमी वजनाला वाकतो, आणि तेही अंतराच्या वर्गाच्या पटीत. हे ऑयलरचं सूत्र आहे, डिप्लोमाच्या पोरांनाही शिकवतात. दीडचे 2.2 मीटर केले तर पुस्तकी हिशोबानं ताकद निम्म्याच्याही खाली येते. प्रत्यक्षात जोड, बेस प्लेट, खांबाचा आकार यांनी आकडा थोडा वर-खाली होईल, मान्य. म्हणूनच बीम हलवला की डिझायनरकडून नवा आकडा काढून घ्यायचा आणि नवी पाटी लावायची असते. आमच्याकडे डिझायनरचा फोन नंबरसुद्धा कुणाकडे नव्हता. रॅक जुनी, भंगारातून आलेली, बीम एका कंपनीचे आणि खांब दुसऱ्याचे.

आमच्या मॅनेजरसाहेबांचं गणित वेगळंच. चार लेव्हल, दोन-दोन टन, झाले आठ टन, अजून जागा आहे, टाका! बीम किती पेलतो आणि खांब किती पेलतो हे दोन वेगळे आकडे आहेत, पूर्ण बेचा (दोन फ्रेमांमधल्या, खालपासून वरपर्यंतच्या कप्प्याचा) आकडा पाटीवर वेगळा लिहावा लागतो, आणि मधल्या फ्रेमवर, म्हणजे खांबांच्या जोडीवर, तर दोन्ही बाजूंच्या बेचं अर्धं-अर्धं वजन येतं, हे मी तोंडानं सांगितलं, मेलवरही लिहिलं. उत्तर आलं, ‘डिस्पॅच अडकवू नका.’

बीम खांबाच्या खाचेत अडकतो तिथे एक लॉक पिन असते. फोर्कलिफ्टचा काटा खालून लागला तर बीम उचकटू नये म्हणून. दोन रुपयांची वस्तू. आमच्याकडे अर्ध्या पिना गायब, जागोजागी बांधकामाची बाइंडिंग तार पिळलेली. कोपऱ्यातल्या खांबाला घोट्याच्या उंचीवर फोर्कलिफ्टचा ठोका बसून पोचा आलेला. त्या पोच्यावर पिवळा रंग मारला होता, सेफ्टी म्हणून.

तो खांब गेला. रीच ट्रकवाल्यानं, म्हणजे उंचावर माल चढवणाऱ्या फोर्कलिफ्टवाल्यानं, वरची बिन टेकवली, खालून एकच आवाज आला आणि रॅक पुढे न पडता आधी खाली बसली. मग शेजारचा बे, मग त्याच्या शेजारचा. माझा डावा पाय बिनखाली होता.

युरोपात याचा एक नियम आहे, ईएन 15635. एक मीटरची सरळ पट्टी खांबाला लावायची. बीमच्या दिशेनं 5 मिलिमीटरपेक्षा जास्त किंवा रॅकच्या खोलीच्या दिशेनं 3 मिलिमीटरपेक्षा जास्त वाकलेला दिसला की खूण करायची. मर्यादेच्या दुप्पट गेला तर लाल खूण, तिथल्या तिथे माल उतरवायचा. आठवड्याला नजरेखालून घालायचं, वर्षातून एकदा जाणकाराकडून तपासून घ्यायचं. वाकलेला खांब तापवून, ठोकून सरळ करायचा नाही. यात न परवडणारं नेमकं काय आहे, मला कुणी सांगेल का? पट्टी?

आता आपल्याकडची मजा बघा. रस्त्यावर ट्रकमध्ये माल जादा निघाला तर मोटार वाहन कायद्यानं 20 हजार दंड, वर प्रत्येक जादा टनाला 2 हजार. तोच माल ट्रकमधून उतरवून माणसांच्या डोक्यावर सहा मीटर उंच चढवला की दंड विचारायलाही कुणी येत नाही. डांबराची काळजी आहे, आनंद आहे.

कारखाना असता तर नोव्हेंबर 2025 पर्यंत 1948 चा कारखाने कायदा लागला असता, निरीक्षक आला असता. निदान येण्याची शक्यता असती. गोदामात काही ‘बनत’ नाही, त्यामुळे इथे मोडलेला पाय कुठल्या टेबलावर ठेवायचा हेच कुणाला ठरवता येत नाही. त्याची जागा घेणाऱ्या 2020 च्या कामगार सुरक्षा संहितेत दहा किंवा जास्त कामगारांची आस्थापना येते. आमच्याकडे एका पाळीत चाळीस माणसं होती. मग ‘कक्षेत येत नाही’ हे वाक्य कुठल्या शतकातलं?

माझ्या पायात रॉड आहे. ठेकेदारानं आधी अपघाताचा फॉर्म भरायलाच नकार दिला, ‘गेटबाहेर पडला असं लिहू’ म्हणाला. बायकोनं ठाण मांडलं तेव्हा भरला. नियमाप्रमाणे विम्यातून पगाराच्या नव्वद टक्के मिळायचे. ते यायला इतका उशीर लागला की तोवर मुलीच्या क्लासची फी तिच्या मामानं भरली, आणि मामा हे दर रविवारी आठवण करून देतात. रात्री झोप लागत नाही. वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची ओढली तरी दचकतो. डॉक्टर म्हणतात फिरत राहा. फिरून जाऊ कुठे? लंगडा स्टोअरकीपर कोण ठेवतो?

चार मार्चला सुरक्षा दिनाची शपथ होते. आम्हीही घेतली होती, त्याच रॅकसमोर उभं राहून. फोटो आहे माझ्याकडे. हा तोच महाराष्ट्र ना, ज्यानं 1969 मध्ये माथाडी कायदा केला? पाठीवरचं पोतं हलकं व्हावं म्हणून याच पुण्यातले हमाल रस्त्यावर उतरले होते. आता पाठीवरून ओझं लोखंडावर गेलं, तर मोजायचं कुणी, यावर खात्याखात्यांत टोलवाटोलवी. चाकण, तळेगाव, सणसवाडी, फुलगाव, जिकडे बघावं तिकडे निळे पत्रे उभे राहतायत. ‘लॉजिस्टिक हब’ म्हणून तुम्ही फिती कापता. एकदा फीत कापून झाल्यावर दहा पावलं आत या की! माझ्या अंदाजानं दर तीन गोदामांत एकाच ठिकाणी बरोबर पाटी सापडेल. अंदाज खोटा ठरवून दाखवा, मी पेढे वाटीन.

मागणं फार नाही. गोदाम कोणाच्या कक्षेत येतं ते एका ओळीत जाहीर करा. प्रत्येक रॅकला लेव्हलचा आणि पूर्ण बेचा वेगळा आकडा, पहिल्या बीमच्या उंचीसकट, मराठीत आणि हिंदीत लावणं सक्तीचं करा, कारण माल चढवणारी पोरं बिहार-नांदेडची आहेत आणि आमची पाटी इंग्रजीत होती. बीम हलवला आणि आकडा बदलला नाही, तर ट्रकवाल्याला लावता तेवढा तरी दंड लावा.

आमच्या गोदामात नवी रॅक लागली आहे. पाटी अजून लागलेली नाही. काल रात्रपाळीच्या पोरानं फोन करून विचारलं, ‘दादा, वरच्या लेव्हलला किती टाकू?’ मी काय सांगू त्याला, ते तेवढं कळवा.

आपला,
एक स्टोअरकीपर, वाघोली, पुणे