वाटीत रेघ ओढणाऱ्या अंगणवाडीताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

ऊसतोडीच्या टोळ्या बीडकडं परतल्या. ट्रॅक्टरवर बसताना त्या माउलीनं एवढंच सांगितलं, "ताईंना सांगा, पोरगं चालाय लागलं." तोंडी सांगून मन भरेना, म्हणून हे पत्र.

हंगामाच्या सुरुवातीला १४ महिन्यांचं ते लेकरू कागलच्या फडात आलं, तेव्हा दंडघेर ११.२ सेंटिमीटर होता. ११.५ च्या आत म्हणजे तीव्र कुपोषण. दंड मोजायच्या पट्टीचा लाल रंगच ते सांगतो. तरी तुमच्या आधी ते दोन ठिकाणांहून परत आलं होतं. एकीकडं "नाव गावाकडच्या अंगणवाडीत आहे, आहार तिथंच घ्या", दुसरीकडं स्वेटर, टोपरं आणि चांदीच्या वाळ्यांसकट वजन करून "ठीक आहे" असा शेरा. उपाशी लेकराला यादी दाखवणाऱ्यांचा राग अजून जात नाही.

तुम्ही कपडे उतरवलेत, काटा शून्यावर आणलात. डावा हात कोपरात दुमडून खांदा आणि कोपराच्या मधोमध खूण केलीत, मग हात सैल सोडून पट्टी लावलीत. पट्टी आवळली की आकडा कमी येतो, ढिली राहिली की जास्त. पावलांवर ३ सेकंद अंगठा दाबून सूज पाहिलीत. सूज नाही, ताप नाही, भूक चांगली, म्हणून कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात न नेता कोपीवरच, म्हणजे त्यांच्या झोपडीवरच, उपचार झाले.

पण मनात राहिली ती वाटी.

नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे ऊसतोडीची एक जोडी. दोघंही पहाटे ४ ला फडात, आणि लेकराला भरवणार ८ वर्षांची बहीण. तुम्ही आईला तक्ता दिला नाहीत. त्या पोरीलाच शेजारी बसवून घेतलंत, त्यांच्याच घरातली स्टीलची वाटी मागितलीत, २५० मिलिलिटर पाणी मोजून ओतलंत आणि ते जिथं पोचलं तिथं आतून दाभणानं रेघ ओढलीत. त्याखाली पाऊण वाटीची दुसरी. "खालच्या रेघेच्या आत थांबायचं नाही, वरच्यापर्यंत गेलं तर शाब्बास. दिवसातनं चार वेळा." वाचता न येणाऱ्या पोरीला तेवढं पुरलं. "आई कुठं गेली?" असं तुम्ही विचारलं नाहीत. तिच्या हातात जबाबदारी आहे हे ओळखून तिला मान दिलात.

खिचडी कशी हवी तेही तिलाच दाखवलंत: चमच्यातून ओघळणार नाही इतकी घट्ट. पातळ पेजेनं पोट भरतं, अंग धरत नाही. वाटीभर तांदूळ-मूगडाळीत एक चमचा तेल, म्हणजे सुमारे ४० किलोकॅलरी वाढल्या. शेंगदाण्याचं कूट बारीक, कारण अख्खा दाणा घशात अडकतो. भरवण्याआधी साबणानं हात. जुलाब लागले तर ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात; अर्ध्या तांब्यात कालवलं तर मीठ जास्त होऊन उलट त्रास होतो.

फेब्रुवारीअखेर लागोपाठ दोन भेटींत पट्टी १२.५ च्या पुढं गेली, म्हणजे लेकरू कुपोषणातून बाहेर आलं. टोळी निघाली तेव्हा दंडघेर, वजन, तारीख आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस लिहिलेला कागद तुम्ही प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिलात, पावसात भिजू नये म्हणून. माणूस परक्या गावचा असला तरी आपलाच, हे तुम्ही बोलून नाही दाखवलंत; कोपीत मातीवर मांडी घालून बसलात. अशी माणसं वाट्याला येतात म्हणून गोरगरिबांची लेकरं जगतात, ताई.

वाटी त्यांच्या गाठोड्यात गेली आहे. पुढच्या हंगामात टोळी याच फडात येणार आहे. लेकरू तेव्हा दोन वर्षांचं झालेलं असेल. नवी रेघ तुम्हालाच ओढायची आहे.

कोप्यांवरच्या सगळ्यांच्या वतीनं,
आपले ऋणी