क्रौंचाला बसू द्या

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला लडाख सहलीवरचा लेख वाचला. पँगाँग, खारदुंगला, मॅगी सगळे आले, पक्षी तेवढे राहिले.

मी बारामतीची. दर थंडीत भिगवणला उजनीच्या पाण्यावर पट्टकदंब आणि चक्रवाक बघते. ही मंडळी उन्हाळ्यात काय करतात ते बघायला गेल्या जूनअखेरीस लडाखच्या चांगथांग पठारावरच्या त्सो कार सरोवराला गेले. उंची साडेचार हजार मीटर, चार पावलांत धाप. पण चक्रवाकाची जोडी मागे पिलांची रांग घेऊन पोहताना दिसली आणि डोकेदुखी विसरले. भिगवणला पिले कुठली दिसायला!

त्सो कार खारे, काठावर मिठाचा पांढरा थर. शेजारचे स्टार्टसापुक त्सो गोडे, त्याच्या दलदलीत काळ्या मानेचे क्रौंच घरटे करतात. आम्ही रस्त्यावरूनच दुर्बीण लावली होती. एक अंड्यांवर, दुसरा चरत होता. तेवढ्यात एक गाडी रस्ता सोडून थेट हिरवळीत घुसली. दोघे कॅमेरे घेऊन उतरले आणि वाऱ्यावर चक्क मराठी ऐकू आले, "अजून पुढे चल रे, उडतानाचा मिळेल!" मान खाली गेली माझी. अंड्यांवरचा पक्षी उठला आणि लांब जाऊन उभा राहिला. घड्याळ लावून सांगते, बावीस मिनिटे अंडी उघडी होती, तीही कानटोपी उडवणाऱ्या वाऱ्यात.

ही जोडी बहुधा दोनच अंडी घालते आणि महिनाभर आळीपाळीने उबवते. त्यात मुक्कामाच्या तळांवरचे उष्टे खाऊन पोसलेली भटकी कुत्री अंडी-पिलांच्या मागावर असतातच. २०२० साली हे पाणथळ रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेले, २०२१ मध्ये क्रौंच लडाखचा राज्यपक्षी झाला. त्या गाडीतल्यांना ते कुणी सांगितले नसावे.

पुण्या-मुंबईच्या सहल कंपन्या स्वेटर, गोळ्या, सुका खाऊ यांची लांबलचक यादी देतात. त्यात दोन ओळी वाढवाव्यात: त्सो कारला गाडी रस्त्यावरच राहील, आणि उरलेले खाणे लेहला परत आणायचे. सगळे चालकावर सोडून भागत नाही. "तुम्ही लोक अडवत का नाही?" असे मी आमच्या लडाखी चालकाला विचारले. तो हसला. "मॅडमजी, फिर अगली बुकिंग कौन देगा?"

— एक निवृत्त शिक्षिका, बारामती