विषय: हँडपंपातून आलेली केगची बियर आणि मला देऊ केलेला दुभाषी

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख (आणि त्यांच्या वर कोणी बसत असेल तर ते),
मुख्य कार्यालय

लीड्स, १२ नोव्हेंबर २०२४

स.न.वि.वि. मुद्दाम गाळलं आहे. काल दुपारी तुमच्या हेल्पलाइनवर चौतीस मिनिटं ताटकळून जे ऐकलं, त्यानंतर विनंती उरली नाही आणि विशेषही. पत्र मराठीत का आहे ते पुढे येईलच. तुमच्याच माणसाने तसं सुचवलं म्हणून आहे.

गुरुवारी, २४ ऑक्टोबरला, संध्याकाळी साडेपाचला मी लीड्स स्टेशनजवळच्या तुमच्या पबमध्ये गेलो. कुठल्या ते सांगत बसत नाही, त्या गल्लीत तुमचा एकच आहे. बारवर सहा हँडपंप. पाचांच्या क्लिपा (बियरच्या नावाच्या पाट्या) पाठ फिरवून बसलेल्या, म्हणजे ‘लवकरच येत आहे’. हे लवकरच गेल्या डिसेंबरपासून येतं आहे. सहाव्याची क्लिप समोर तोंड करून होती, म्हणून मी त्यातली बिटर, म्हणजे कडसर बियर, मागितली. पिंटचे ४ पौंड ९५ पेन्स. बारवरच्या पोराने हँडल एकदा पुढे ओढलं, सोडलं आणि तो कार्डाच्या मशीनकडे वळला. ग्लास आपला भरतोच आहे, नगरपालिकेच्या नळाखाली धरल्यासारखा.

हँडपंप म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको, पब तुमचेच आहेत. तळघरातून बियर वर चढते ती ओढणाऱ्याच्या दंडाच्या जोरावर. दोन-तीन सावकाश, दमदार ओढी घ्याव्या लागतात आणि शेवटच्या ओढीला खांदा बोलतो. हात काढल्यावरही जी वाहते तिला मागून गॅस ढकलत असतो. तुमच्याकडे याचा तक्ता असेल कुठल्या तरी भिंतीवर.

माझी तेहेतीस वर्षं इथल्याच एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये गेली, त्यामुळे खिशात थर्मामीटर असतो. ही सवय घरीही कोणाला आवडत नाही. ग्लासात बुडवला तर ६ अंश. कास्कची बियर, म्हणजे पिंपातच आंबत राहणारी जिवंत बियर, ११ ते १३ अंशांना द्यायची असते. पोराला विचारलं, ही कास्कची आहे का? तो म्हणाला, “हँडपंपाची आहे.” मी पुन्हा विचारलं. पोरगा प्रामाणिक निघाला. “खाली केग लावलाय, नवी पद्धत आहे,” म्हणाला. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याला जे शिकवलं तेच तो करत होता, आणि एका दुपारीत शिकवलं असावं.

केगबद्दलही तक्रार नाही, हे ठळक अक्षरात समजा. केगची बियर गाळून, त्यातलं यीस्ट मारून, गॅस भरून येते. ज्याला आवडते त्याने खुशाल प्यावी, माझा मुलगाही तीच पितो. ती केगच्या नळातून विका, मी दुसरीकडे बघेन. पण तिच्या अंगावर कास्कचे कपडे चढवून ती पाच पौंडांना माझ्यापुढे ठेवता, तेव्हा आमच्याकडे त्याला नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा म्हणतात. याचा अनुवाद तुमच्या दुभाष्याकडून करून घ्या. त्याच्यावर मी येतोच.

मी सांगलीहून इथे १९८८ साली आलो. पहिल्याच शुक्रवारी लॅबमधले सहकारी मला या पबमध्ये घेऊन गेले. दोन पंप होते, एक बिटर आणि एक माइल्ड (कमी कडू), आणि एका पौंडाच्या नाण्यातून सुटे परत मिळायचे. नदीपलीकडे टेटलीची ब्रुअरी चालू होती. वारा तिकडून आला की भिजवलेल्या माल्टचा वास थेट स्टेशनपर्यंत यायचा. आईला मी पत्रात लिहिलं होतं की इथे संध्याकाळी जवाचं सरबत मिळतं. तिने शेवटपर्यंत त्यावर विश्वास ठेवला किंवा ठेवल्यासारखं केलं.

पुढच्याच वर्षी सरकारचा हुकूम निघाला. ज्या ब्रुअरीकडे २००० पेक्षा जास्त पब आहेत, तिने वरच्यांपैकी निम्मे विकायचे किंवा आपल्याच बियरच्या सक्तीतून मोकळे करायचे आणि पबच्या भाडेकरूला एखादी पाहुणी बियर बाहेरून घेऊ द्यायची. मोठ्या ब्रुअऱ्यांची मक्तेदारी मोडायची होती. मोडली, आणि बियरचा एक थेंबही न बनवणाऱ्या कंपन्यांच्या पदरात ते पब पडले. तुमच्या वार्षिक अहवालात याला नक्कीच काहीतरी छान नाव असेल. आमच्यात आयत्या बिळावर नागोबा म्हणतात.

तरीही या पबचं नशीब फळफळलं, कारण १९९४ मध्ये तिथे पब चालवायला एक लँडलेडी आली. बार्न्सलीची, ठेंगणी, सगळ्यांना ‘लव्ह’ म्हणणारी. दोनाचे सहा पंप तिने केले. एकदा ती मला तळघरात घेऊन गेली. कास्क मांडणीवर आडवे निजवलेले, त्यांच्या पोटावरच्या भोकात लाकडी खुंट्या, त्यांना स्पाइल म्हणतात. एका खुंटीभोवती फेस हळूहळू फुगत होता आणि फुटत होता. “कान लाव,” ती म्हणाली. मी लावला. आत फसफस चाललेली, अगदी बारीक. माझी आई लोणच्याच्या बरणीला दादरा बांधून रोज सकाळी अशीच कान देऊन उभी राहायची. लँडलेडी म्हणाली, गाळ खाली बसला, आवाज निवला की तोटी मारायची, त्याआधी राणी आली तरी नाही. आणि उघडलेला कास्क तीन दिवसांत संपला नाही तर ओतून द्यायचा. ती खरंच ओतायची. आंबट लागली म्हणून ग्लास परत नेला तर चेहरा न बदलता बदलून द्यायची, आणि नळी धुवायला त्याच क्षणी खाली जायची.

२००७ च्या १ जुलैला धूम्रपानबंदी आली आणि निम्मं गिऱ्हाईक गल्लीत उभं राहू लागलं. ते तिने झेललं. २०११ मध्ये टेटलीची ब्रुअरी बंद झाली, त्या रात्री पबमध्ये लोक अंत्यविधीहून आल्यासारखे बसले होते. तेही झेललं. २० मार्च २०२० ला सगळे पब बंद करायचा आदेश आला, तेव्हा तिच्या तळघरात चार कास्क भरलेले होते. नऊ गॅलनचा एक, म्हणजे बहात्तर पिंट, गुणिले चार. सगळे मोरीत ओतले. त्यानंतर तुमचं भाड्याचं पत्र आलं. २०१६ च्या पब्ज कोडप्रमाणे तिने तुमच्याकडूनच बियर घ्यायच्या बंधनातून सुटून बाजारभावाने भाडं भरण्याचा पर्याय मागितला. तुमच्या वकिलांनी तिला कागदांचे गठ्ठे पाठवले. ती बियर सांभाळणारी बाई, कागद कुठले सांभाळणार? २०२१ मध्ये तिने पबचा भाडेपट्टा सोडला.

तेव्हापासून मी सात मॅनेजर मोजले. एकाशीही ओळख होईपर्यंत तो टिकला नाही. मग तुम्ही ‘नूतनीकरण’ केलंत. इमारत वारसा वास्तूंच्या ग्रेड टू यादीत आहे म्हणून कोरीव काचा, महोगनीचा बार आणि पितळी हँडपंप तुम्हाला हलवता आले नाहीत. बियरची अशी यादी नसते. म्हणून पंप जागच्या जागी आहेत आणि तळघर रिकामं आहे.

आता फोनकडे येतो. पहिले दोन फोन सोडून देतो. पहिल्यात लाइन तुटली, दुसऱ्यात मला तुमच्या ॲपमधून तक्रार करायला सांगितलं आणि त्या ॲपला माझी जन्मतारीख पटेना. कालचा फोन मात्र जसाच्या तसा लिहून ठेवला आहे. लॅबची सवय.

चौतीस मिनिटांनी एक बाई आल्या. नाव विचारलं, सांगितलं. स्पेलिंग विचारलं, सांगितलं. मग मी म्हटलं, “तुमच्या पबमध्ये हँडपंपावर स्पार्कलर लावलेला आहे, पण बियर केगची आहे.”

“स्पार्कलर?”

“हो, स्पार्कलर.”

की-बोर्डचा आवाज. मग अतिशय हळू, एकेक शब्द सुटा करत त्या म्हणाल्या, “सर, आमच्या आवारात फटाक्यांना परवानगी नाही.”

इंग्रजीत फुलबाजीलाही स्पार्कलरच म्हणतात, मान्य. पाच नोव्हेंबरची दारूकामाची रात्र नुकतीच होऊन गेली होती, तेही मान्य. मी सांगितलं की पंपाच्या तोंडाशी बसवायची ती बारीक भोकांची चकती, जिच्यामुळे यॉर्कशरमध्ये बियरवर साईसारखा फेस येतो. यॉर्कशरच्या पबांच्या कंपनीला मी, सांगलीचा माणूस, हे समजावत होतो. बाई म्हणाल्या, “दिवाळीच्या कार्यक्रमासाठी जागा हवी असेल तर वेगळा फॉर्म आहे, सर. पाठवू का?”

दिवाळीचं नाव मी काढलं नव्हतं. मी फक्त माझं नाव सांगितलं होतं.

मी आवाज चढवला नाही. कास्क म्हणालो, स्पाइल म्हणालो, सेलर म्हणालो. प्रत्येक शब्दाला पलीकडून “सॉरी?” आलं. शेवटी त्या म्हणाल्या, “सर, तुम्हाला इंग्रजीत अडचण येते आहे असं दिसतं. आमच्याकडे दुभाष्याची मोफत सोय आहे. तुमची भाषा कोणती?”

छत्तीस वर्षं मी या शहरात राहतो. ब्रॅडफर्डच्या सर्जनना रक्ताचे रिपोर्ट इंग्रजीत समजावले आहेत. तेव्हा कोणी दुभाषी मागवला नाही. मी म्हटलं, “मराठी.”

परत की-बोर्ड. “ती यादीत दिसत नाही, सर. हिंदी चालेल का?”

नाही चालणार. म्हणून हे पत्र. शब्द माझे चुकले नव्हते. स्पार्कलर, स्पाइल, कास्क हे इंग्रजी शब्द आहेत, तुमच्या धंद्याचे आहेत, आणि ते तुमच्याच कार्यालयात कोणाला येत नाहीत. दुभाष्याची गरज होती, फक्त फोनच्या दुसऱ्या टोकाला. त्या बाईंवरही माझा राग नाही (थोडा आहे). ज्यांनी त्यांना बर्गरचे भाव पाठ करायला लावले आणि तळघराचं दार दाखवलं नाही, त्यांच्यावर आहे. संध्याकाळी ईमेल आली: ‘आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे.’ सोबत व्हाउचर, एका बर्गरवर दुसरा मोफत, सोमवार ते बुधवार, पेयांवर लागू नाही. मी बर्गर खात नाही. व्हाउचर छापून या पत्राला जोडलं आहे, तुमच्या कोणाच्या तरी कामाला येईल.

मुंबईला शिडाच्या जहाजातून बियर जायची, तेव्हा केपला वळसा घालून तिला चार-पाच महिने लागत. लाकडी पिंपात, उन्हातून, हेलकावे खात ती पोचायची आणि तरी पिण्याजोगी असायची. तुमच्या तळघरापासून बारपर्यंत बारा फूट आहेत.

पुन्हा सांगतो, केग विका, पण हँडपंपातून नको. एक तर त्या सहाव्या पंपाला खरा कास्क जोडा आणि तो सांभाळायला येईल असा माणूस ठेवा, नाहीतर ती क्लिप काढून ‘केग’ असं दिसेल अशी पाटी लावा. माझे ४ पौंड ९५ पेन्स परत हवेत, व्हाउचरच्या रूपात नकोत. उत्तर लेखी हवं, खाली माणसाचं नाव हवं. चौदा दिवस वाट बघतो.

त्यानंतर सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्ला केंद्रामार्फत प्रकरण ट्रेडिंग स्टँडर्ड्स या ग्राहक संरक्षण खात्याकडे जाईल. गिऱ्हाइकाला एक दाखवून दुसरं देणं यात त्यांना रस असतो. कॅमरा या कास्कच्या बियरसाठी झगडणाऱ्या ग्राहक संघटनेच्या इथल्या शाखेलाही सगळं कळवतो आहे. १९७१ मध्ये चार दोस्तांनी अशाच बेचव बियरला कंटाळून ती संघटना काढली होती, तेव्हा चिवटपणा तिच्या रक्तातच आहे. आणि इमारत फ्लॅटसाठी विकायचा विचार असेल, तशी कुणकुण आहेच, तर त्याला नियोजन परवानगी लागते. शिवाय २०११ च्या लोकॅलिझम कायद्याखाली हा पब समाजाची मालमत्ता म्हणून नोंदवायला एकवीस स्थानिक माणसं लागतात. काल रात्रीपर्यंत आमची सव्वीस झाली. त्यात एक निवृत्त न्यायाधीश आहेत आणि एक तुमचाच माजी मॅनेजर, सातांपैकी चौथा.

आपला (पद्धत आहे म्हणून),
एक गिऱ्हाईक, १९८८ पासून

ता.क. डावीकडून तिसऱ्या पंपाच्या तोंडाला बसवलेला स्पार्कलर मागच्या लँडलेडीने स्वतःच्या पैशाने आणला होता. तुमच्या सामानाच्या यादीत तो सापडणार नाही. काढून बारमागे ठेवा. तिने मला आणायला सांगितला आहे, शनिवारी येऊन घेऊन जातो.