प्रागच्या ताईंना अनावृत आभारपत्र

ताई,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही मला काका म्हणता आणि वयानेही मी तुमच्यापेक्षा बराच मोठा आहे, तरी या पत्रात मी तुम्हाला ताईच म्हणणार आहे, कारण परक्या मुलखात थोरल्या बहिणीने घ्यावी तशी आमची काळजी तुम्ही घेतलीत. निरोपाच्या दिवशी मी आभाराचे शब्द काढले, तेव्हा "काका, घरच्यांचे कसले आभार?" असे म्हणून तुम्ही तो विषयच बंद केलात. म्हणून आता लिहितो आहे, आणि मुद्दाम उघडपणे लिहितो आहे. आमच्या तालुक्याच्या गावातून मुलाकडे किंवा मुलीकडे परदेशी जाणारी आमच्या वयाची चार-पाच जोडपी दरवर्षी असतात, आणि मुलाला सुट्टी मिळेपर्यंत त्यांतली बहुतेक माणसे खिडकीतून रस्ता पाहत घरात बसून राहतात. तुम्ही आमच्यासाठी नेमके काय केलेत, ते त्यांनाही कळावे अशी माझी इच्छा आहे.

2024 च्या मे महिन्यात आम्ही दोघे प्रागला उतरलो, त्याच दिवशी सकाळी मुलाला कंपनीच्या तातडीच्या कामासाठी जर्मनीला जावे लागले होते आणि तो तीन दिवसांनी परतणार होता. विमानतळावरून घरी नेण्यासाठी त्याने आगाऊ पैसे भरून गाडी ठरवली होती. ती आलीच नाही. टर्मिनल 1 च्या बाहेर, नावाच्या पाट्या धरून उभ्या असलेल्या माणसांमध्ये आमचे नाव शोधत आम्ही तासभर उभे होतो, आणि गाडीवाल्यांचा फोन कुणी उचलत नव्हते. सौभाग्यवतीचा चेहरा उतरला होता. पहिल्यांदाच देशाबाहेर पाऊल टाकलेले आम्ही, जवळ चार बॅगा, आणि भोवती एक अक्षरही न कळणारी भाषा. मुलाने जर्मनीतून तुम्हाला फोन केला. तुमची आमची ओळख एवढीच की तुम्ही त्याच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहता आणि तुमचे माहेर सांगलीचे. तरी तुम्ही कचेरीतून निघून पाऊण तासात आमच्यासमोर उभ्या राहिलात.

तेव्हा तुम्ही टॅक्सी बोलावली असती, तर तेही उपकारच झाले असते आणि आम्ही दोन हात जोडून ते मानले असते. पण मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो हे मुलाने तुम्हाला कधीतरी सांगितले असावे. तुम्ही म्हणालात, "काका, तुमचा जन्म गाड्या सोडण्यात गेला. इथल्या गाड्या बघायच्या ना? चला, आपण साध्या मार्गाने जाऊ." त्या एका वाक्याने माझी अर्धी भीती गेली.

तिकीट तुम्ही काढून दिले नाहीत, यंत्रापुढे आम्हालाच उभे केलेत. 72 तासांचे तिकीट तेव्हा 330 कोरुनांचे (कोरुना हे तिथले चलन), माणशी एक. आमच्याकडे एसटीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्याने वाढते; इथे अंतराशी संबंध नाही, घेतलेल्या वेळात ट्राम, मेट्रो, बस, ट्रॉलीबस काहीही बदलत शहरभर फिरावे, हे मी प्रथमच पाहिले. मात्र तिकीट हाती आले म्हणजे ते चालू झाले असे नव्हे, हे तुम्ही दोनदा बजावलेत. गाडीतल्या पिवळ्या पेटीच्या फटीत ते सरकवायचे, आणि त्यावर तारीख आणि वेळ उमटली की त्या मिनिटापासून 72 तास मोजायचे. ही मोहोर पहिल्या वेळी एकदाच उमटवायची, पुन्हा नाही. सौभाग्यवतीने तिकीट आत सरकवले आणि पेटीतून 'कट्' असा आवाज आला, तेव्हा मला आमच्या जुन्या वाहकांच्या हातातला, तिकिटाला भोक पाडणारा चिमटा आठवला. तो आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

ज्या गाडीत आपण बसलो, ती 59 क्रमांकाची ट्रॉलीबस तेव्हा जेमतेम दोन-अडीच महिन्यांची नवी होती. 24 मीटर लांब, दोन सांध्यांची, म्हणजे आमच्या दोन एसटी गाड्या एकामागे एक जोडाव्यात एवढी. काही अंतर वरच्या तारांतून वीज घेऊन आणि काही अंतर स्वतःच्या बॅटरीवर ती चालते. प्रागमध्ये 1936 पासून ट्रॉलीबस होत्या, त्या 1972 मध्ये बंद झाल्या आणि अलीकडे पुन्हा सुरू झाल्या, हे तुम्ही सांगत होतात आणि मी वळणावर त्या गाडीचे सांधे कसे फिरतात ते पाहत होतो. वेलेस्लावीन स्थानकाला उतरायचे, तिथून मेट्रोची हिरवी 'ए' मार्गिका धरायची आणि आठव्या स्टेशनला, नाम्येस्ती मीरूला उतरायचे. मध्ये कुठेही मेट्रो बदलायची नाही.

नाम्येस्ती मीरूचा सरकता जिना मात्र सौभाग्यवतीची परीक्षा पाहणारा ठरला. जमिनीखाली 53 मीटर खोल असलेले ते स्टेशन, आणि वर येणारा जिना 87 मीटर लांब, युरोपीय संघात सर्वांत लांब म्हणून सांगतात तो. खालून पाहिले तर वरचे टोक दिसत नाही. ती नऊवारी नेसत नाही, पाचवारीच नेसते, पण साडीचा काठ त्या दातेरी पायरीत अडकेल या धास्तीने तिने जागचे हलायचे नाकारले. तुम्ही घाई केली नाहीत. मागून येणाऱ्या माणसांना वाट देत तिला एका कडेला घेतलेत, निऱ्या चार बोटे वर उचलून खोचायला सांगितल्यात, "काकू, पायाकडे बघू नका, माझ्याकडे बघा," असे म्हणालात आणि तिचा हात धरून एकाच वेळी दोघींनी पाऊल टाकलेत. उजवीकडे उभे राहायचे, डावी बाजू घाईतल्या लोकांना मोकळी ठेवायची, हेही त्या दोन मिनिटांच्या चढणीतच सांगितलेत. घरी पोचेपर्यंत ती गाडी न आल्याचे दुःख विसरली होती.

त्या संध्याकाळी तुम्ही आम्हाला जो कागद दिलात, त्याबद्दल सविस्तर लिहिल्यावाचून मला राहवत नाही. प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेला, घड्यांवर झिजलेला तो कागद तुम्ही कित्येक वर्षांपूर्वी तुमच्या स्वतःच्या आईवडिलांसाठी लिहिला होता आणि तेव्हापासून इथे येणाऱ्या अनेकांच्या आईवडिलांनी तो वापरला होता. विमानतळाच्या ओळीत आधी 119 क्रमांकाची बस आणि डेयवित्स्का हे स्टेशन लिहिलेले होते. 2015 मध्ये मेट्रो पुढे वाढल्यावर डेयवित्स्कावर काट मारून वेलेस्लावीन लिहिलेत, आणि आता 119 वरही काट मारून तांबड्या शाईने 59. शहर बदलत गेले तसा तुम्ही तो कागद दुरुस्त करत आलात. वेळापत्रकाच्या फलकावरची फेरी बदलली की त्याच दिवशी खडूने फलक दुरुस्त झालाच पाहिजे, यासाठी मी नोकरीभर भांडलो आहे. त्यामुळे त्या दोन काटांची किंमत मला इतर कुणाहीपेक्षा जास्त कळते.

आणि ती सगळी नावे तुम्ही देवनागरीत लिहिली होती. माझे इंग्रजी कामापुरते बरे आहे, पण चेक अक्षरांच्या डोक्यावरच्या त्या टोप्या आणि रेघा पाहून उच्चार कसा करावा ते मला समजत नव्हते. सौभाग्यवती तर मराठीखेरीज काही वाचत नाही. तरीही दुसऱ्या दिवसापासून गाडीतली घोषणा माझ्याआधी तिला कळू लागली, कारण कानावर पडणारा आवाज आणि कागदावरचे अक्षर यांत फरकच नव्हता. ती बोट ठेवून 'मालोस्त्रान्स्का', 'स्तारोम्येस्त्स्का', 'मूस्तेक' अशी स्टेशने मोजत जाई. मेट्रोची दारे लागण्यापूर्वीचे 'उकोन्चेते प्रोसीम वीस्तुप आ नास्तुप' हे वाक्य तुम्ही अर्थासह लिहिले होते: कृपया उतरणे आणि चढणे पूर्ण करा. ते तिला इतके पाठ झाले की आता आमच्या गावच्या फलाटावर गाडीच्या दारात गर्दी झाली की ती ते हळूच म्हणते.

कागदाच्या तळाशी तुम्ही लिहिले होते, "चुकलात तर घाबरू नका. पुढच्या थांब्यावर उतरा, रस्ता ओलांडा, समोरच्या थांब्यावर उभे राहा. तिकीट तेच चालेल." दुसऱ्याच दिवशी त्या ओळींची गरज पडली. आम्हाला 22 क्रमांकाच्या ट्रामने किल्ल्यावर जायचे होते. थांब्यावर आलेल्या ट्रामच्या पाटीवर मला होस्तिवार्श हे नाव दिसले. आदल्या दिवशी मेट्रोच्या पाटीवर हेच नाव वाचून आपण बरोबर पोचलो होतो, म्हणून मी विश्वासाने आत शिरलो. मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनाच्या नावातही होस्तिवार्श आहे आणि 22 च्या एका टोकाच्या नावातही, पण किल्ला नेमका दुसऱ्या टोकाच्या, म्हणजे बीला होराच्या दिशेला आहे, हे माझ्या ध्यानात आले नाही. रुस्का थांबा आला तेव्हा सौभाग्यवतीने कागदावर बोट ठेवून सांगितले की हे नाव आपल्या यादीत नाही. आम्ही उतरलो, रस्ता ओलांडला, समोर उभे राहिलो. थांब्यावरच्या वेळापत्रकात तासांपुढे मिनिटे छापलेली, कामाचे दिवस, शनिवार, रविवार यांचे रकाने वेगळे, आणि पुढचा प्रत्येक थांबा किती मिनिटांवर आहे तेही दिलेले. छापलेल्या मिनिटाला ट्राम आली. मी तुम्हाला फोन करण्यासाठी खिशातून काढलेला मोबाइल परत खिशात ठेवला.

त्या ट्रामने पुढे नदी ओलांडली, आणि मालोस्त्रान्स्के नाम्येस्तीच्या पुढे एका कमानीजवळ रस्ता इतका अरुंद झाला की दोन्ही दिशांच्या ट्रामना तिथून आळीपाळीने जावे लागते. रूळ एकमेकांत गुंतवून टाकलेले आहेत. समोरून येणारी ट्राम थांबली, आमची गेली, मग ती निघाली. कुणी घंटा वाजवली नाही. घाटात अरुंद पुलावर दोन गाड्या समोरासमोर आल्या की काय होते ते मी पाहिले आहे, त्यामुळे किल्ल्यातल्या चर्चइतकेच ते दृश्य मला लक्षात राहिले. तिसऱ्या दिवशी मूस्तेकला साध्या कपड्यांतल्या तपासनीसाने बिल्ला दाखवून तिकिटे मागितली, मोहोर पाहिली आणि 'द्येकुयी' म्हणून ती परत दिली. मोहोर उमटवण्याचा तुमचा आग्रह तेव्हा कामी आला.

मुलगा परत आल्यावरही तुम्ही माझी एक इच्छा पुरवलीत. मेट्रो मध्यरात्रीनंतर बंद होते, आणि मग रात्रीच्या सगळ्या ट्राम लाझार्स्का या एका थांब्यावर ठरल्या वेळी एकत्र येतात, म्हणजे कुठूनही आलेला माणूस तिथे उतरून दुसरी ट्राम पकडू शकतो, असे तुम्ही बोलता बोलता सांगितले होते. मला ते डोळ्यांनी पाहायचे होते. दुसऱ्या दिवशी कामावर जायचे असूनही तुम्ही आणि तुमचे यजमान आमच्यासोबत आलात. एकामागून एक ट्राम आल्या, माणसे इकडून तिकडे गेली, चालकांनी क्षणभर वाट पाहिली आणि सगळ्या आपापल्या दिशेने निघाल्या. पुढच्या अर्ध्या तासाने पुन्हा तेच.

ताई, तुम्हाला त्या रात्री मी सांगितले नाही, ते इथे सांगतो. आमच्या आगारातून रात्री शेवटची मुक्कामी गाडी एका डोंगरातल्या गावाला जात असे. मुंबईची गाडी उशिरा येत असेल, तर तिच्यातून उतरणारी दोन-चार माणसे रात्रभर फलाटावर अडकू नयेत म्हणून मी ती मुक्कामी गाडी थांबवून धरायचो. त्याबद्दल मला वरून विचारणाही होत असे. इथे मात्र तीच गोष्ट शहराच्या वेळापत्रकातच घालून ठेवलेली पाहिली आणि डोळे भरून आले. माझी 31 वर्षांची नोकरी कुणीतरी समजून घेतली, असे मला त्या थांब्यावर वाटले, आणि तो योग तुमच्यामुळे आला.

परतीच्या दिवशी मुलगा गाडी ठरवत होता, ती आम्ही ठरवू दिली नाही. 40 कोरुनांचे 90 मिनिटांचे तिकीट काढले, मुलाने बॅगा घेतल्या, आणि नाम्येस्ती मीरूच्या सरकत्या जिन्यावर सौभाग्यवती निऱ्या खोचून सर्वांत पुढे उभी राहिली. वेलेस्लावीन, मग 59, मग टर्मिनल 1. वाटेत एकदाही कुणाला विचारावे लागले नाही.

कागद मी मुलाकडे ठेवून आलो आहे. तो तुम्हाला परत देईल. त्यातल्या 22 च्या ओळीत मी पेन्सिलीने 'पाटीवर बीला होरा वाचूनच चढावे' एवढी भर घातली आहे, ती तुम्हाला योग्य वाटली तर शाईने पक्की करावी. सप्टेंबरात आमच्या शेजारचे गुरुजी आणि त्यांच्या पत्नी मुलीकडे प्रागला येत आहेत. त्यांना तुमच्याविषयी सांगितले आहे. गुरुजी वाचून सगळे समजून घेतील, पण वहिनींना सरकत्या जिन्याची फार भीती वाटते, तेव्हा पहिल्या वेळी त्यांचा हात तेवढा धरावा.

आपला नम्र,
काका