डुकराला गाईचा डोस?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या कृषी पुरवणीत डुकरांच्या जंतांवर अर्धे पान वाचले. एवढी जागा दिलीत, त्याबद्दल आधी आभार. एरवी आमच्या वाट्याला ऊस आणि कांदाच येतो, आणि सावंतवाडीत हे दोन्ही आम्ही बाजारातून विकत आणतो.

पण त्या रंगीत चौकटीत जंतांच्या औषधाचा डोस म्हणून 'आयव्हरमेक्टिन : ५० किलो वजनाला १ मिली' हे कुठून उतरवून घेतले? हा हिशेब गाई-बैलांचा. तेच एक टक्क्याचे इंजेक्शन डुकराला ३३ किलोला १ मिली टोचावे लागते. गाईला किलोमागे २०० मायक्रोग्रॅम, डुकराला ३००. मे २०२१ मध्ये कोविडसाठी याच औषधाच्या गोळ्या गोव्यात अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना द्यायचे ठरले, तेव्हा '१२ मिलिग्रॅम, पाच दिवस' हे बांद्यापासून पणजीपर्यंत पोरासोरांना पाठ होते. डुकराचा डोस मात्र चौकटीत छापतानासुद्धा कोणी पडताळून पाहिला नाही.

मी एवढा चिडलो, कारण हीच चूक मी स्वतः करून बसलो आहे. धंद्याच्या पहिल्या वर्षी औषधाच्या दुकानदाराने सांगितले म्हणून नव्वद किलोच्या डुकराला पावणेदोन मिली टोचत राहिलो. लागत होते पावणेतीन. वजनही डोळ्यांनीच केलेले. नाताळाच्या आधी सहा नग गोव्याच्या व्यापाऱ्याला दिले. दुसऱ्या दिवशी त्याने सहाच्या सहा काळजे (म्हणजे यकृते) पिशवीत घालून टेम्पोवाल्याबरोबर परत पाठवली. वर निरोप, "ही तुमकांच ऱ्हवांदेत." काळजांवर दुधाचे शिंतोडे उडावेत तसे पांढरे चट्टे होते, आणि आतड्यांत वीतभर लांबीचे गोलकृमी निघाल्याचे त्याने फोनवर ऐकवले. पैसे कापले ते कापलेच, पण पुढच्या नाताळापर्यंत त्याने माझा फोनही उचलला नाही.

पुढच्या वर्षी ताणकाट्यावर वजन करून बरोबर मापाने औषध दिले. आतडी स्वच्छ, काळजांवर चट्टे तसेच! तेव्हा आमच्या डॉक्टरांनी जे समजावले त्याची एक ओळही तुमच्या अर्ध्या पानात नाही. चट्टे पडतात ते पोटातल्या मोठ्या जंतांमुळे नव्हेत. गिळलेल्या अंड्यातून निघालेली अळी आधी काळजातून जाते, तिथून फुप्फुसात, मग खोकल्याबरोबर घशात येऊन पुन्हा गिळली जाते आणि आतड्यात मोठी होते. तिच्या वाटेवरचे हे व्रण. ते साधारण सव्वा महिन्यात भरून येतात. म्हणजे दिसले तर ताजे समजायचे, आणि ताजे याचा अर्थ डुकरे अजूनही जमिनीवरची अंडी खात आहेत. मी औषध देत होतो डुकराला, अंडी होती माझ्या शेडच्या चिऱ्यांच्या सांदीत. एकेक मादी जंत दिवसाला लाखांनी अंडी घालते. ओलसर मातीत ती वर्षानुवर्षे तग धरतात, आणि आमच्याकडे ओल्याला काय तोटा! लेखात 'शेड फिनेलने धुवावे' म्हटले आहे. फिनेलने वास जातो. ही अंडी फिनेलला दाद देत नाहीत. त्यांना शेण खरवडून काढणे, उकळते पाणी किंवा वाफ आणि मग कडक ऊन लागते. शेवटी चिरे उखडून सिमेंटचा कोबा केला. व्यायला आलेल्या मादीला दोन आठवडे आधी औषध देतो आणि साबणाने आचळांसकट घासून धुतो, मगच पिल्लांच्या खणात घेतो. शेजारी हसतात. हसूद्यात.

औषध दिल्यानंतर कत्तलीपर्यंत किती दिवस थांबायचे ते बाटलीवर छापलेले असते, याचाही उल्लेख नाही. नाताळाच्या तोंडावर लेख छापता आणि नेमके हेच गाळता!

आता शेवटच्या परिच्छेदाविषयी. 'डुकरांतील जंतांमुळे मेंदूत गाठी होतात' हे वाक्य लिहिणाऱ्याने गोलकृमी आणि फीतकृमी एकाच मापात घातले आहेत. गाठी होतात त्या फीतकृमीमुळे. त्याची अंडी माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात, डुकराच्या नव्हे. उघड्यावर बसणारा माणूस, आणि ते खाऊन आजारी पडते डुक्कर. माणसाच्या मेंदूत गाठी होतात त्याही ही अंडी घाणेरड्या हातांतून किंवा न धुतलेल्या भाजीतून पोटात गेल्याने. डुकराच्या कच्च्या राहिलेल्या मटणातून फीतकृमी होतो हे खरे, म्हणून ते नीट शिजवा असे लिहा ना! बंदिस्त शेडमध्ये भरडा खाणाऱ्या माझ्या डुकरांना का बदनाम करता? आज सकाळी शेजारच्या काकी कुंपणावरून विचारत होत्या, "तुमच्या डुकरांका जंत आसत मां?"

आणि तो फोटो. वराहपालनावरचा लेख आला की तुम्हाला गटारात लोळणारे तेच काळे डुक्कर कसे सापडते? माझी पांढरी यॉर्कशायर जातीची डुकरे दिवसातून दोनदा पाइपाने धुतली जातात. छायाचित्रकार पाठवा, चहा देईन.

डोसाची दुरुस्ती मात्र याच आठवड्यात छापा, आणि तेवढ्याच मोठ्या चौकटीत. आमच्या वाडीतल्या एका नव्या वराहपालकाने तुमचे कात्रण शेडच्या दाराला चिकटवले आहे, आणि रविवारी तो चाळीस डुकरांना टोचणार आहे. माझे तो ऐकत नाही. म्हणतो, पेपरात आलेय.

आपला,
एक वराहपालक, ता. सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग